न वाजणारा कुकर

या वेळचं पत्र जरा कापून देते, मुद्दा तेवढा ठेवून:

"ताई, माझं वय 26. तीन महिन्यांपासून एकटा राहतोय. निघताना आईने घरातला जुना पाच लिटरचा कुकर बरोबर दिला. मागच्या मंगळवारी मसूर लावला होता. दोन दिवस पुरावा म्हणून जरा जास्तच, जवळजवळ गळ्यापर्यंत. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी शिट्टी नाही. बघायला उठलो, दारापर्यंत पोचलो आणि फट्! झाकणावरून वाफेचा फवारा आणि डाळ थेट छताला. मला काही लागलं नाही. नंतर पाहिलं तर झाकणावरचा तो छोटा वॉल्व्ह गेला होता, तिथे नुसतं भोक. एक मित्र म्हणतो, भोकात बोल्ट घट्ट बसव, काही होत नाही. दुसरा म्हणतो, फेकून दे, बॉम्ब आहे तो. मी दहा दिवस सगळं उघड्या पातेल्यात शिजवतोय आणि तास तास उभा राहतोय. कुकर ठेवू की टाकू? आणि शिट्ट्या नक्की किती घ्यायच्या, हे मला कुणी धड सांगतच नाही. मला अरे-तुरे केलंत तरी चालेल."

बरं, अरे-तुरेच करते.

आधी बोल्टवाल्या मित्राचं. त्याला चहा पाज, पण स्वयंपाकघरात येऊ देऊ नकोस. फेकून दे म्हणणाऱ्याचं ऐकलंस तर फार तर एक कुकर जाईल. बोल्टवाल्याचं ऐकलंस तर पुढच्या वेळी वॉल्व्ह उडणार नाही, झाकण उडेल. त्या भोकात बोल्ट, स्क्रू, लाकडाची खुंटी, एम-सील, काही म्हणजे काही बसवायचं नाही. आणि 'काही होत नाही' असं कुणी म्हणालं की त्याला विचार, झाल्यावर सांगायला कोण येणार?

आता तुझ्या मंगळवाराकडे येऊ. तुझा कुकर बिघडला असं तू समजतोयस. मी पत्र दोनदा वाचलं आणि मला तर त्या म्हाताऱ्या कुकरचं कौतुक वाटलं. त्याने जे करायला हवं होतं नेमकं तेच केलं. बिघडलं होतं दुसरंच.

कुकरच्या आत वाफ कोंडते म्हणून दाब वाढतो, दाब वाढला की पाणी 100 अंशांऐवजी 120च्या आसपास उकळतं आणि अन्न लवकर शिजतं. एवढीच त्याची जादू. पण कोंडलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. पहिली वाट शिट्टीची. ती बंद झाली तर दुसरी सेफ्टी वॉल्व्हची. बऱ्याच कुकरना तिसरीही असते: झाकणाच्या कडेला एक खाच ठेवलेली असते, दाब फारच वाढला तर रबरी रिंग तिथून बाहेर फुगते आणि वाफ सुटते. तुझी पहिली वाट बंद होती. वीस मिनिटं शिट्टी नाही, याचा अर्थ तोच.

अर्थात शिट्टी न होण्याचं दुसरंही एक कारण असतं. रबर सैल असेल तर वाफ कडेने निसटत राहते, दाब धरतच नाही, पाणी हळूहळू आटतं आणि शेवटी कोरडा कुकर तापून वॉल्व्ह वितळतो. बऱ्याच वॉल्व्हमध्ये मुद्दाम लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो तो यासाठीच. पण तसं झालं असतं तर बुडाला काळाकुट्ट थर असता आणि घरभर करपल्याचा वास सुटला असता. छताला ओली डाळ लागली नसती. म्हणजे पाणी भरपूर होतं, वाट तुंबली होती. गळ्यापर्यंत भरलेला मसूर फेसाळून वर आला, त्याबरोबर सालपटं वर आली आणि शिट्टी जिच्यावर बसते त्या बारीक नळीत जाऊन बसली. जुना कुकर म्हणजे नळीत आधीचाही थर असणार, काय सांगावं.

त्या नळीचं भोक किती असतं, कधी पाहिलंयस? तीनेक मिलिमीटर, म्हणजे मसुराच्या एका दाण्यापेक्षाही लहान. आणि झाकणाकडे बघ. झाकणाचा व्यास 20 सेंटिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर होतं. घरगुती कुकर साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाबावर चालतो. म्हणजे पूर्ण दाबात असताना आतली वाफ ते झाकण 300 किलोहून जास्त जोराने बाहेर ढकलत असते. चार-पाच धडधाकट माणसं झाकणाला खालून खांदा लावून उभी आहेत असं समज. त्या सगळ्यांना बाहेर पडायला दार केवढं, तर मसुराच्या दाण्याहून लहान. घाबरवायला सांगत नाहीये. ती नळी रोज बघायची असते हे तू कधीच विसरू नयेस म्हणून सांगतेय.

शिट्टी म्हणजे त्या नळीच्या भोकावर ठेवलेलं वजनच. ही वजनाची युक्ती फार जुनी आहे, बरं का. 1679 साली दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये हाडंसुद्धा मऊ होतील असं वाफेचं बंद भांडं दाखवलं. भांडं फुटू नये म्हणून त्याने वाफेच्या भोकावर दांडी आणि वजन लावून झडप बसवली. दाब वजनाला भारी पडला की झडप उचलायची, वाफ सुटायची. तुझी शिट्टी म्हणजे त्या झडपेचीच नात. गाणं तिने नंतर उचललं, मूळ काम वजनाचं.

म्हणून तुझ्या आईच्या कुकरला दुसऱ्याच कुकरची शिट्टी 'बसतेय की' म्हणून लावायची नाही. 3 मिलिमीटरच्या भोकाला एक किलो दाब धरायचा तर शिट्टीचं वजन 70 ग्रॅमच्या आसपास लागतं. तोच दाब 4 मिलिमीटरच्या भोकावर धरायला सव्वाशे ग्रॅम. ही सव्वाशेची शिट्टी चुकून तुझ्या 3 मिलिमीटरच्या नळीवर आली, तर दाब पावणेदोन किलोंच्या पुढे जाईपर्यंत ती उचलणारच नाही. वरून बघायला मात्र अगदी झकास बसलेली दिसेल.

तर, ठेवायचा की टाकायचा?

कुकर धुऊन, पुसून, उजेडात घे. बूड सपाट आहे का बघ, ओट्यावर ठेवून डुगडुगतोय का ते पाहा. बूड बाहेर फुगलं असेल तर टाक. अंगावर कुठे चीर असेल, मग ती केसाएवढी का असेना, टाक. झाकण बाहेरून फिरवून बसणारं असेल तर झाकणाचे आणि भांड्याचे जे ओठ एकमेकांत अडकतात ते झिजलेत का बघ. बंद केल्यावर झाकण वर ओढून हललं, किंवा मूठ ठरल्या जागेच्या पुढे सरकत जात असली, तर टाक. झाकण आतून बसणारं असेल, तिरकं करून आत घालायचं लंबगोल झाकण, तर तुझं नशीब जरा बरं. त्यात आतला दाबच झाकणाला काठावर घट्ट दाबून धरतो, दाब असताना ते उघडताच येत नाही. पण त्याचीही कड वाकलेली नको.

आणि काठावरून बोट फिरव. खड्डे, पोचे लागतायत का? लागले तर ते कुणी केले तेही मी इथे बसून सांगते: पळीने. डाळ ढवळून झाली की पळी कुकरच्या काठावर ठक् ठक् आपटायची सवय घराघरात असते. माझी तर इतकी होती की नवरा दुसऱ्या खोलीतून म्हणायचा, "आली वाटतं डाळ." त्या काठावर रबर टेकतं. तिथे पोचा पडला की वाफ कायम तिथूनच गळते, आणि मग आपण दोष देतो रबराला.

यातलं काही निघालं नाही तर कुकर ठेव. आईने दिलेला आहे, उगाच कशाला टाकायचा. फक्त तीन गोष्टी नव्या घे: सेफ्टी वॉल्व्ह, रबरी रिंग आणि शिट्टी. तिन्ही त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या. दुकानात जाताना झाकण बरोबर ने, नुसतं 'पाच लिटरचं द्या' म्हणू नकोस. वॉल्व्ह बसवताना झाकणाच्या आतल्या बाजूचा नट नीट आवळून घे आणि जुना वॉल्व्ह फेकून दे. ड्रॉवरमध्ये पडला की एक दिवस तोच मित्र येऊन तो परत बसवून देईल. मॉडेलच बंद झालं असेल आणि सुटे भाग मिळत नसतील, तर मात्र मन घट्ट करून भांडं भांडं म्हणून वापर, झाकण भंगारात दे.

रबर कधी बदलायचं असा प्रश्न पुढे पडेलच. कडक झालं, चिरा पडल्या, ताणल्यासारखं सैल झालं, की बदल. रोजच्या वापरात साधारण वर्षभर टिकतं. सैल रबर फ्रीजरमध्ये ठेवून वापरायची युक्ती कुणीतरी सांगेल. थंडीने ते थोडं आवळतं, एखादा दिवस चालतंही, पण तो त्या रबराचा निरोप समजायचा, उपचार नव्हे. रबराला दोरा गुंडाळणं, कडेला कणीक लिंपणं हे तर अजिबात नको. वेळ आली की ते रबर वाफेला वाट करून देणार असतं, तू ती वाटच लिंपून टाकतोस.

नवे भाग बसवले की लगेच डाळ लावू नकोस. आत नुसतं दोन कप पाणी घाल आणि कुकर लाव. कुठल्या कडेने वाफ येतेय का, शिट्टी वेळेत होतेय का, मूठ हलतेय का, शांतपणे बघ. त्या वेळी पळून जाऊ नकोस, पण वाकून झाकणावर तोंडही नेऊ नकोस. हातभर अंतरावरून बघ.

आता रोजचं. झाकण लावण्याआधी ते उचलून खिडकीकडे धर आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का बघ. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर आत काहीतरी चिकटलंय. मग बारीक तार किंवा पिन फिरव, वरून पाणी सोड. काडेपेटीची काडी किंवा दात कोरायची काडी घालू नकोस, आत मोडली की नवं संकट. या बघण्याला पाच सेकंद लागतात. तुझ्या मंगळवारी ही पाच सेकंदं आणि थोडं कमी भरणं, एवढं असतं तर आज मला पत्र आलं नसतं.

भरण्याचं माप: एरवी कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. डाळी, कडधान्यं, तांदूळ, म्हणजे जे फुगतं आणि फेसाळतं, ते पाण्यासकट अर्ध्यापर्यंतच. पाच लिटरच्या कुकरमध्ये अडीच लिटर, संपलं. दोन दिवसांचा मसूर हवा असेल तर दोनदा लाव. डाळीत चमचाभर तेल टाकलं तर फेस कमी होतो. ओट्स, बार्ली, शेवया असले चिकट फेसाळ प्रकार कुकरच्या वाट्याला न गेलेले बरे, त्यांना पातेलंच चांगलं. कुकरच्या डब्यांतून शिजवत असशील तर डब्याबाहेर, बुडाशी पाणी विसरू नकोस. डब्यात पाणी असून उपयोग नाही, वाफ बुडाच्या पाण्याची व्हायची असते. एक-दीड कप तरी हवंच, जास्त वेळ शिजवायचं असेल तर त्याहून जास्त. आणि तेल भरून आत काही तळायचा विचार कधी सुचला तर तो तिथेच सोडून दे. घरातला कुकर त्यासाठी घडवलेलाच नसतो.

मग एक गोष्ट, जी हल्ली कुणी करताना मला दिसत नाही. झाकण लावताना शिट्टी लावूच नकोस. गॅस चालू कर, पाणी उकळू दे, नळीतून वाफेची सरळ, जोरदार धार येऊ दे. मग शिट्टी ठेव. शिट्टीला वरून धर, बोटं धारेत नकोत. यात दोन कामं होतात. आतली हवा निघून जाते आणि कुकर निव्वळ वाफेवर चालतो. शिवाय नळी उघडी असल्याचा पुरावा डोळ्यांसमोर येतो. धार आलीच नाही किंवा फुसफुस करत थोडीशीच आली, तर शिट्टी न ठेवता गॅस बंद कर. तुझा प्रसंग इथेच थांबला असता. काही नव्या कुकरची शिट्टी झाकणालाच पक्की असते, तिथे हे जमत नाही, तेव्हा तिथे उजेडाची परीक्षा दुप्पट काळजीने करायची.

आणि तुझा तो शिट्ट्यांचा प्रश्न. तुला कुणी धड सांगत नाही, कारण धड उत्तरच नाही. शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. आत गरजेपेक्षा जास्त झालेली वाफ कुकर बाहेर टाकतो, त्याला आपण शिट्टी म्हणतो. मोठ्या बर्नरवर भडक आच ठेवलीस तर चार शिट्ट्या तीन मिनिटांत होतील आणि डाळ कच्चीच राहील. मंद आचेवर त्याच चार शिट्ट्यांना वीस मिनिटं लागतील आणि डाळीचा लगदा होईल. आत तापमान दोन्ही वेळा 120च. अन्न शिजतं मिनिटांवर. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक कर, इतकी की अधूनमधून एखादी शिट्टी किंवा नुसती सुरसुर, आणि मग घड्याळ लाव. मसुराला सहा-सात मिनिटं, रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यांना पंधरा-वीस, मध्यम आकाराच्या अख्ख्या बटाट्यांना दहा-बारा. दोन-तीनदा करून तुझ्या कुकरचा अंदाज तुला येईल, तो भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेव. आच बारीक ठेवल्याने गॅस वाचतो, पाणी कमी आटतं आणि शिट्टीतून फेसाचं पाणी उडून शेगडी बरबटत नाही. तुझी आई शिट्ट्या मोजून उत्तम स्वयंपाक करत असेल, करतच असेल. पण तिचा बर्नर तोच, कुकर तोच, हात तोच, वीस वर्षं. तू नवा आहेस, तू मिनिटं मोज.

आच बुडाच्या बाहेर जाता कामा नये, हे ओघात सांगते. ज्वाळा अंगावर चढल्या की मुठीचं प्लास्टिक तडकतं, स्क्रू ढिले होतात. महिन्यातून एकदा स्क्रू आवळत जा.

उघडण्यापाशी मात्र जरा थांबू, कारण लोक भाजतात ते बहुतेक इथेच. माझ्या डाव्या मनगटावर आतल्या बाजूला एक फिकट पट्टा आहे. घरी पाहुणे बसलेले, बटाटे व्हायचे राहिलेले, मी कुकर नळाखाली धरला, शिट्टी काट्याने उचलली, फुस्स झालं, संपलं असं वाटलं. झाकण जरा अडत होतं तर जोर लावून फिरवलं. आत दाब शिल्लक होता. बटाटे जागेवर राहिले, पाणी माझ्या मनगटावर आलं. आणि पाहुणे म्हणाले, घाई नव्हती हो आम्हाला.

असं का होतं? आतलं पाणी 120 अंशांवर असतं, पण दाबामुळे गप्प बसलेलं असतं. दाब एकदम काढला की 100च्या वरची सगळी उष्णता एका क्षणात वाफ करायला लागते. लिटरभर पाण्यातलं पस्तीसेक ग्रॅम पाणी तिथल्या तिथे वाफ होतं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण तेवढ्या पाण्याची वाफ साठेक लिटर होते. पाच लिटरच्या भांड्यात साठ लिटर वाफ एकदम जन्माला आली तर ती वाटेतलं सगळं बरोबर घेऊन बाहेर येणार. डाळीसारखा दाट पदार्थ असेल तर आणखी वाईट, तो अंगाला चिकटतो.

म्हणून गॅस बंद केला की कुकर आपोआप पडू दे. दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात अन्न मुरतंही. मग शिट्टी हलकेच उचलून बघ. वाफ अजिबात येत नाही ना? मगच झाकण. झाकण सहज उघडलं पाहिजे. अडलं तर आत दाब आहे असंच समज, सुरी, चमचा, हातोडी काही आणू नकोस. कधी उलटंही होतं: कुकर पार गार झाला की आतली वाफ आकसते, बाहेरची हवा झाकण दाबून धरते आणि ते निघत नाही. तेव्हा शिट्टी काढून ठेव, हवा आत शिरली की सुटतं. उघडताना झाकणाची पलीकडची कड आधी उचल, म्हणजे राहिलेली वाफ तुझ्यापासून दूर जाईल. नळाखाली धरण्याचा मार्ग काही कुकरच्या पुस्तिकेत दिलेला असतो, पण तोही पाणी झाकणाच्या कडेला, शिट्टीवर नाही, आणि डाळी-तांदळासाठी नाहीच. विजेवरच्या कुकरला तर पाणी लावायचंच नाही, आणि त्याची वाफ सुटायची वाट भिंतीकडे किंवा कपाटाखाली नको, एवढंच त्याचं वेगळं.

पत्राच्या मी कापलेल्या भागात तू लिहितोस की आता शेजारच्या घरातला कुकर वाजला तरी तुझ्या छातीत धडधडतं. अरे, वाजणारा कुकर म्हणजे तब्येत चांगली असलेला कुकर. त्याची वाट उघडी आहे, तो बोलतोय. भीती ठेवायचीच तर गप्प कुकरची ठेव. मोठ्या आचेवर दहा मिनिटं झाली आणि आवाज नाही, किंवा मघाशी वाजत होता आणि एकदम थांबला, किंवा करपल्याचा वास आला, तर पाय आधी गॅसच्या दिशेने वळले पाहिजेत, कुकरच्या नाही. हात लांब करून बटण बंद कर. तिथे पोचायला कुकरवरून ओणवं व्हावं लागत असेल तर सिलिंडरचा किंवा पाइपचा खटका बंद कर. मग खोलीबाहेर जा. कुकर उचलून मोरीत नेऊ नकोस, शिट्टीला टोचून बघू नकोस, कोरडा तापल्याची शंका असेल तर त्यावर पाणी ओतू नकोस. अर्धा-पाऊण तास गेला की मग बघ.

आणि कधी भाजलंच तर: वाहत्या साध्या गार पाण्याखाली 20 मिनिटं. घड्याळ लावून वीस, दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून हात काढायचा नाही. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप-लोणी नको. अंगठी, घड्याळ, कडं सूज यायच्या आत काढून ठेव. फोड फोडू नकोस, स्वच्छ कापड सैल झाक. तोंड, डोळे, हाताचा पंजा, किंवा तळहाताहून मोठा भाग भाजला असेल, किंवा लहान मूल असेल, तर पाणी घालून झाल्यावर थेट दवाखाना.

शिजवून झाल्यावर झाकण लावून कुकर ठेवून देऊ नकोस, रबराला वास लागतो आणि ते दबून बसतं. झाकण उलटं ठेव, रबर काढून वाळव. नळी धुतानाच साफ कर, तेव्हा थर ओला असतो.

राहता राहिलं छत. दहा दिवसांची डाळ आता दगड झाली असेल. कोरडी खरवडलीस तर रंगाचे पापुद्रे निघतील. ओलं फडकं काठीला बांधून पाच-सात मिनिटं दाबून धर, भिजली की आपण होऊन सुटेल, मग साबणाचं पाणी. आणि स्टूल डुगडुगत नाही ना, तेवढं आधी बघ.